हळू बोलायचे दोन आठवडे

माझा आवाज मोठा आहे. किती मोठा, तर बडोद्याला मी फोनवर बोलायला लागले की आई उठून आधी खिडक्या लावायची आणि बाबा म्हणायचे, "हिला फोन लागतो कशाला?" लहानपणी ती गंमत होती. मोठेपणी त्याच आवाजानं माझी नोकरी घालवली. तिथल्या एका छोट्या शाळेत मी शिकवत होते. पालकांनी तक्रार केली, बाई मुलांवर ओरडतात. अहो, मी ओरडत नव्हते, बोलत होते! पण हे समजावून सांगायला गेले तेही त्याच आवाजात, आणि करायला गेले गणपती, झाला मारुती. वर्ष संपलं तसा मला नारळ मिळाला.

मग कोल्हापूरच्या एका मराठी शाळेत चौथीला बाई हव्या आहेत असं कळलं. मुख्याध्यापिकाबाई फोनवर म्हणाल्या, "दोन आठवडे शिकवून दाखवा. जमलं तर राहा." मी बॅग भरली. कोल्हापूर मी कधी पाहिलेलंही नव्हतं, तिथं ओळखीचं काळं कुत्रंही नव्हतं. गाडीत बसल्या बसल्या मी स्वतःला शपथ घातली की काय वाट्टेल ते होवो, हळू बोलायचं. ही नोकरीसुद्धा गेली असती तर खोट माझ्यातच आहे हे मी कायमचं मान्य केलं असतं. निम्मं केलंच होतं.

स्टेशनबाहेर रिक्षावाल्या मामांना मी अगदी मऊ आवाजात पत्ता सांगितला, "मंगळवार पेठ."

"काय?"

"मंगळवार पेठ."

"जरा मोठ्यानं बोला की पावणं! पोटात दुखतंय काय?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली होती, पण शपथ म्हणजे शपथ. मी मोबाइलवर पत्ता काढून त्यांच्यासमोर धरला.

खोली माडीवर होती. खाली घरमालकीणबाई राहायच्या, त्यांना सगळी गल्ली आक्का म्हणायची. पन्नाशीच्या, माहेर कोडोलीचं, परड्यात दोन म्हशी आणि कमरेला कायम खोचलेला पदर. मी बॅग उघडते न उघडते तोच जिन्यातून हाक आली, "मी वर येतो गं!" कोण बुवा पुरुषमाणूस आला म्हणून मी ओढणी सारखी केली, तर आक्का! इथं बायकाही 'येतो', 'जातो' म्हणतात हे मला तेव्हा कुठं ठाऊक होतं. त्यांच्या हातात भाकरी आणि मिरचीच्या खरड्याचं ताट होतं.

"जेवलीस काय?"

"हो, जेवले," मी हळूच म्हटलं.

आक्का माझ्याकडे बघतच राहिल्या. "हा काय जेवल्याल्या माणसाचा आवाज हाय व्हय?" त्यांनी ताट माझ्यापुढे सरकवलं आणि मी शेवटचा घास खाईपर्यंत समोर मांडी घालून बसल्या.

पहिल्या तीन-चार दिवसांत मी ह्या गावाच्या प्रेमात पडले, हे खरं सांगते. कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर दोन माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जातील अशा आवाजात बोलत होती. मी घाबरून रस्त्याच्या पलीकडे गेले. तिथून नीट ऐकलं तर एक दुसऱ्याला विचारत होता, आईची तब्येत बरी आहे का? भाजीवाली भांडल्यासारखी बोलायची आणि मूठभर कोथिंबीर जास्त टाकायची. मिसळ खाताना डोळ्यांतून पाणी आलं तर शेजारच्या बाकावरच्या अनोळखी बाई ओरडल्या, "पाव खा, पाव! पाणी पिऊ नकोस!" अख्खं गाव माझ्यासारखं बोलत होतं आणि मी एकटी तोंडाला कुलूप घालून हिंडत होते. त्या लोकांचा इतका हेवा वाटायचा की काय सांगू.

वर्गात चाळीस-बेचाळीस मुलं, बाहेर रस्ता, रस्त्यावर दुधाच्या गाड्या आणि त्यांचे हॉर्न. मी गोड, हळुवार आवाजात भागाकार शिकवायची. मागच्या बाकांवरून दर दोन मिनिटांनी तक्रार यायची, "बाई, ऐकू येत न्हाय!" पोरं वात्रट नव्हती बिचारी. त्यांना खरंच ऐकू येत नव्हतं.

दुसऱ्या आठवड्याच्या बुधवारी मुख्याध्यापिकाबाई मागच्या भिंतीपाशी येऊन उभ्या राहिल्या. तास संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "बाई, शिकवणं चांगलं आहे तुमचं. पण आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही. असं चालायचं नाही. शनिवारी मी पूर्ण तास बसेन, मग ठरवू."

घ्या! एका गावानं मोठ्या आवाजासाठी काढली, आता दुसरं हळू आवाजासाठी काढणार. तुम्ही म्हणाल, मग मोठ्यानं बोलायचं की, अडलं कुठं? मलाही तेच वाटलं. पण गुरुवारी फळ्यापाशी उभी राहिले आणि घशातून आवाजच वर येईना. जरा चढला की बडोद्याचे ते पालक ओळीनं डोळ्यांसमोर उभे राहायचे. भीती बसली होती, दुसरं काय.

इकडे गल्लीनं माझं निदान करून टाकलं होतं. एवढं हळू बोलणारी बाई म्हणजे एकतर हिचा घसा गेलाय, नाहीतर हिचं काहीतरी मोठं दुःख आहे. आक्कांनी दोन्हीवर उपाय सुरू केले. सकाळी हळदीचं दूध. संध्याकाळी आळणी, म्हणजे मटणाचं तिखट न घातलेलं पाणी, ते इथं आजाऱ्याला पाजतात. समोरच्या काकू ज्येष्ठमध घेऊन आल्या. रोज सकाळी त्या आपल्या गॅलरीतून रस्त्यापलीकडे हाक टाकायच्या, "आक्काऽ, बाईंचा घसा कसा हाय?" मी बरी आहे, काही झालेलं नाही, असं मी प्रत्येकाला सांगत होते. पण सांगत होते हळू आवाजात. त्यामुळे त्यांची खात्री आणखीच पटत होती.

शनिवार उजाडला. सकाळची शाळा. मी पर्स घेऊन दार उघडलं तर जिन्यात आक्का उभ्या, मुठीत मीठ आणि लाल मिरच्या, मागे समोरच्या काकू आणि आणखी दोघी.

"बस खाली. दृष्ट काढतो."

"आक्का, उशीर होतोय मला," मी पुटपुटले.

"गप. पाच मिनटं बस." खांदा दाबून त्यांनी मला पायरीवर बसवलंच आणि मूठ माझ्या तोंडावरून फिरवायला लागल्या. "आल्यागेल्याची, घरच्याची, दारच्याची, पावण्यारावण्याची…" एवढ्यावर थांबल्या असत्या तरी मी सोसलं असतं. पण पुढं त्या म्हणाल्या, "आनि हिचं लगीन मोडणाऱ्या त्या मुडद्याची…"

"कोण मुडदा?" माझा आवाज फुटला तो थेट छपराला जाऊन भिडला. "अहो आक्का, माझं लग्न ठरलेलंच नाही, मोडणार कुठून? मला काहीही झालेलं नाही! घसा ठणठणीत आहे माझा! आज वेळेवर पोचले नाही तर नोकरी जाईल माझी, सोडा मला!"

परड्यातली म्हैस धडपडून उभी राहिली. शेजारच्या नळावर दात घासणारे काका ब्रश तोंडात तसाच ठेवून वर बघायला लागले. झालं, मी मनात म्हटलं, नोकरीबरोबर खोलीही गेली.

आक्कांची मूठ हवेतच राहिली होती. मग त्या कपाळावर दुसरा हात मारून म्हणाल्या, "अगं बया! आवाज हाय की हिला! मग बसलीस काय, पळ की!"

मी धावतच शाळा गाठली. वर्गात शिरले तेव्हा घंटा होत होती आणि मुख्याध्यापिकाबाई मागच्या बाकावर बसलेल्या होत्या. आवाज खाली आणायला वेळ होताच कुठं? चढलेल्या आवाजातच मी म्हटलं, "भागाकाराआधी बाराचा पाढा. सगळ्यांनी!" पोरांनी दचकून वर पाहिलं. मग बेचाळीस तोंडं एकदम उघडली. काय सांगू, खिडकीची तावदानं थरथरली! मी म्हणत होते, ती म्हणत होती, आणि शेवटच्या बाकावरचा आवाज सगळ्यांत मोठा होता. तेवढ्यात दारात शेजारच्या वर्गावरच्या बाई दिसल्या. आली तक्रार.

"कितीचा चाललाय?" त्यांनी विचारलं. "बाराचाच ना? माझीबी पोरं म्हणायला लागलीत तुमच्यासंगं."

तास संपल्यावर मुख्याध्यापिकाबाई पुढे आल्या. "हा आवाज दोन आठवडे कुठं ठेवला होता?"

मी खरं ते सांगून टाकलं. आधीच्या शाळेनं ह्याच आवाजासाठी काढलं म्हणून.

त्यांनी चष्मा पुसला. "मग ती शाळा लहान असणार," त्या म्हणाल्या. "सोमवारी वेळेवर या."

एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. मी रिकाम्या वर्गात बाकावर बसून रडले. आनंदानं रडतात असं नुसतं ऐकलं होतं, ते त्या दिवशी करून बघितलं.

दुपारी गल्लीच्या तोंडाशी आले तर आक्कांभोवती पाच-सहा बायका जमल्या होत्या. "ही गेल्यावर एवढ्या मिरच्या जाळल्या, पर ठसका आला काय? न्हाय! म्हंजे दृष्ट लई मोठी. पर मूठ खाली यायच्या आधीच वाचा फुटली बघा पोरीला!" मला बघताच त्यांनी हात धरून मधोमध ओढलं. "ही आली. बोल गं, बोल की कायतरी! ऐकू दे ह्यांना!"

दृष्टबिष्ट काही नव्हतं हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण त्या सगळ्या जणी इतक्या आशेनं माझ्याकडे बघत होत्या की मी छातीभर श्वास घेतला आणि दुसरंच बोलले.

"आक्का, नोकरी पक्की झाली!"

"कुणाची?" पलीकडच्या गल्लीतून कुणीतरी ओरडून विचारलं.

"आमच्या बाईंचीऽ!" आक्का माझ्याहून मोठ्यानं ओरडल्या.