रिकाम्या पंजांचा गरुड

नवरा, फिन, गेला त्याच्या सातव्या दिवशी लमदुवनला खांबांवरच्या घराखाली साप दिसला. धामणच होती, पण फिनचा जन्म बारा प्राण्यांच्या वर्षचक्रातल्या सर्पवर्षातला, तेव्हा तिने ओळखायचं ते ओळखलं. त्या दिवसापासून ती रोज सकाळी जिन्याच्या शेवटच्या पायरीखाली एक अंडं ठेवू लागली. दुपारी ते तिथे नसे.

थायलंडमधल्या फेत्चबुरीत या नवराबायकोने चाळीस वर्षं राजचिन्हाचे गरुड घडवले. कोरीवकाम त्याचं, सोन्याचा वर्ख तिचा. डोळे मात्र सगळ्यात शेवटी, पूजा झाल्यावर, फिनच रंगवी. तोवर गरुड म्हणजे नुसतं लाकूड. देवळावरच्या गरुडाच्या पंजात नाग असतो, राजाच्या गरुडाचे पंजे रिकामे. हा निसटलेला नाग गेला कुठे, असं फिन दर वेळी विचारी. तुझ्या विडीच्या डब्यात बघ, असं ती म्हणे.

पावसाळा सरताना औषधांच्या दुकानाची सुमाली टेम्पो घेऊन आली. दारावर गरुड लावायची राजाची परवानगी तिच्या वडिलांच्या नावावर होती. ते वारले, तशी परवानगीही संपली. उतरवलेला गरुड तिने पांढऱ्या कापडात गुंडाळून आणला होता. घरात ठेवायला धीर होत नाही, म्हणाली; जेवायला बसलं की ताटात बघतो.

लमदुवनने कापड सोडलं. डावा डोळा किंचित वर. फिनचाच हात. नाही म्हणणं जमलं नाही. घराखालच्या कामाच्या जागेत गरुड भिंतीला टेकवून तिने त्याला मोगऱ्याची माळ घातली.

दुसऱ्या दिवशी अंडं तसंच राहिलं. तिसऱ्या दिवशी त्याला मुंग्या लागल्या. भुशातली ओळखीची सळसळ थांबली होती. वारा नसताना तिच्या बोटांवरचा वर्ख थरथरे. पाठ केली तरी तो डावा डोळा तिला मानेवर जाणवे.

आठव्या दिवशी तिने सुमालीला बोलावून घेतलं. याला देवळात नेऊन ठेव, म्हणाली; याला घाबरून फिन अंडं खायला येत नाही.

"मावशी, काकांनीच तर घडवलाय. ते कसे घाबरतील याला?"

"माणूस होता तोवर नव्हता घाबरत."

सुमाली हसली नाही. दोघींनी दोन पंख धरून गरुड भिंतीपासून ओढला. वजन कमी करायला फिन गरुडाची पाठ आतून पोकळ ठेवी. त्या पोकळीतून काहीतरी कोरडं, हलकं लमदुवनच्या पायावर घसरलं. चार हात लांबीची अख्खी कात होती. डोळ्यांवरच्या काचेसारख्या दोन टिकल्यासुद्धा शाबूत.

सुमाली दोन पावलं मागे सरली. लमदुवन खाली बसली. इतके दिवस तो इथेच होता, गरुडाच्या पाठीशी, कात टाकेपर्यंत न खाता. आणि ती समोर बसून डोळ्यांनाच घाबरत होती.

"टेम्पो परत ने," ती म्हणाली.

गरुड तिने पुन्हा भिंतीला टेकवला. आधी होती तेवढीच फट मागे ठेवली, कात पुन्हा पोकळीत सारली. मग वर जाऊन एक ताजं अंडं आणलं आणि पायरीखाली न ठेवता त्या फटीत हात घालून आत ठेवलं.

हात बाहेर काढायला तिने जरा वेळ लावला.