शिकलगार सरांचं कौल

शिकलगार सर गेल्याचा निरोप कागलहून आला, तेव्हा आधी सुटल्यासारखं वाटलं... आणि मग त्याचीच धास्ती बसली. काही आठवडे झाले, ती गेलेली नाही.

कोल्हापुरात आमच्या शाळेत सर इतिहास शिकवायचे, मी गणित. अथेन्सचा धडा आला की ते खिशातून कौलाचा तुकडा काढत. "तिथं कायदा हात वर करून ठरायचा. पण कुणी लई डोईजड झाला, तर त्याचं नाव असल्या खापरावर खरडायचं आणि त्याला गावाबाहेर धाडायचं. कुणी काय लिवलं, कळायचं न्हाय. आपली मतपेटी ह्याच खापराची नात. फक्त तिथं बायकांना आणि गुलामांना खापर मिळत नव्हतं, ती चूक आपण सुधारली. आणि मराठीची गंमत बघा, घरावर असतंय ते कौल, आणि लोक देतात तोही कौलच."

आणीबाणीत मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, आता आपण कुणाचं नाव लिवायचं?" वर्ग हसला. सर म्हणाले, "ते मोठ्यानं विचारत्यात व्हय रं? म्हणून तर खापर."

संध्याकाळपर्यंत हे संस्थेच्या कानावर गेलं. सरांना लांबच्या शाखेत धाडायचं ठरलं; पण ठराव शिक्षकांचा दिसायला हवा होता. मुख्याध्यापक म्हणाले, "हात वर करा." सर उठले. "हात नको, साहेब. चिठ्ठ्या घ्या. माझ्यापायी कुणाची नोकरी जायला नको."

सर सोडून सगळ्यांना चिठ्ठ्या मिळाल्या. त्या टोपीत गोळा झाल्या. मी 'पाठवा' लिहिलं. कुणी बघत नव्हतं, सरांनीच तशी सोय केली होती... तरी मुख्याध्यापक अक्षर ओळखतील, ही भीती होती. 'नको' अशी एकच चिठ्ठी निघाली. जिन्यात सरांनी माझा हात दाबला. "गणितवाले, ती तुमचीच." मी हात सोडवून घेतला नाही.

सरांची बदली झाली; पुढं दर ईदला त्यांच्या कागलच्या घरी जायचो. शीरखुर्म्याची वाटी हातात घेतली की वाटायचं, आज विचारतील. त्यांनी कधीच विचारलं नाही. त्यांना खात्री होती.

मातीनंतर भेटायला गेलो, तर सरांच्या पत्नीनं, भाभींनी, तो तुकडा हातात ठेवला. "हे म्हणून गेलेत, गणितवाल्यांना द्या. तेवढा एकच माणूस आपल्या बाजूनं हुता."

मी तो खिशात घालून परत आलो. तुकडा टेबलावर आहे, त्याच्याकडं पाठ करून बसता येत नाही. भाभींनी हे छापलेलं वाचण्याआधी मला कागलला जाऊन तोंडानं सांगायचं आहे. त्या दार लावून घेतील, कदाचित.

आणि ती 'नको'ची चिठ्ठी लिहिणारे तुम्ही... आमच्यातलेच कुणीतरी. भीती तुम्हालाही असणारच. कौल माझ्याकडं आहे. ते तुमचं आहे, येऊन घेऊन जा.