कानाच्या पाळीचा थेंब

धुळ्यात एका खासगी लॅबमध्ये मी रक्त तपासायचे, तेव्हाची गोष्ट. कपाशीची फवारणी सुरू झाली की आमचे डॉक्टर फवारणाऱ्यांच्या रक्तातलं एक एन्झाइम बघायला लावत. कीटकनाशक अंगात भिनलं की ते मंदावतं. थेंबभर रक्त निळ्या द्रावणात टाकायचं आणि वाट बघायची. द्रावण पिवळं झालं तर एन्झाइमचं काम नीट चाललंय. निळंच राहिलं तर माणूस धोक्यात.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, सोनगीरजवळच्या शेतात स्वतः फवारायचे आणि बादलीतलं औषध हाताने ढवळायचे. काठी घ्या म्हटलं तर ऐकतील ते आबा कसले! त्या दिवसांत आईला सारखी चक्कर येई, तोंडातून लाळ गळे. वयाचं दुखणं म्हणून आम्ही सगळ्यांनी ते सोडून दिलं होतं.

आबांना तपासायचं म्हणून मी त्यांना एका सकाळी लॅबवर बोलावलं, आईही सोबत आली. आबांच्या बोटाचा थेंब घेतला. द्रावण निळं ते निळंच.

"माले काय व्हयेल शे?" मला काय झालंय, असं म्हणत आबा खुर्चीत मजेत बसले होते.

डॉक्टरांनी त्यांची बोटं हुंगली, आणि कानाच्या पाळीचा थेंब घ्यायला सांगितलं. तो पिवळा झाला. औषध रक्तात नव्हतं, बोटांवर होतं. माझा जीव भांड्यात पडला.

"मना बी थेंब ले," आई हसत म्हणाली. तिच्याही कानाचा घेतला. निळा. पुन्हा घेतला, तोही निळाच.

आई तर शेतात फिरकतही नव्हती. पण तिची बोटं संधिवाताने आखडलेली. आबांनी स्वतः तंबाखू केव्हाच सोडली होती, तरी तिची तंबाखू ते दिवसभर तळहातावर मळून देत. जेवताना हात धुवायचे. तंबाखूसाठी कोण धुतं? चारचौघांत तिच्याशी धड न बोलणाऱ्या माणसाची ती एवढीच माया होती, आणि तीच तिला बाधली. मला फार वाईट वाटलं. डॉक्टरांनी समजावलं तेव्हा आबांनी एकदा आपले तळहात बघितले. हात मांडीवर उपडे ठेवून बसून राहिले.

आई दवाखान्यातून बरी होऊन आली. आबांनी ढवळायला काठी घेतली. तंबाखू सोडा म्हणून डॉक्टर सांगून थकले, पण आईने ती सोडली नाही. मग आबा आधी कोपरापर्यंत साबण लावून हात धूत आणि नंतर मळायला बसत. आई चिमूट तोंडात टाकून कुरकुरे, "साबनना वास येस."

आबा निमूट उठत आणि पुन्हा हात धुऊन येत.