बाईंचं वाढवा

वाचनालयाच्या अंकात चंद्रभागाबाईंवर कोणीतरी लिहावं असं समितीत ठरलं, तेव्हा मी पेपरात तोंड घालून बसलो होतो. तरी काम माझ्याकडेच आलं. डोंगरकड्याच्या या वाचनालयात इतकी वर्षं माझ्याएवढं रिकामं बसलेलं दुसरं कोणी नाही, हेच त्यामागचं कारण असावं. नोकरी पोस्टात झाली, पण लोकांची पत्रं इकडून तिकडे करण्यापलीकडे लिहिण्याशी माझा संबंध आला नाही. तेव्हा हे नीट उतरेल की नाही, सांगता येत नाही. बाई स्वतः वाचणारच आहेत. चूक असेल तिथे त्या पेन्सिलीने बारीक खूण करतील, पुस्तकांत छपाईची चूक सापडली की करतात तशी.

बाईंचं माहेर मेंढरं राखणाऱ्यांचं. त्यांचे वडील कोंडीबा यांचा वाडा सिद्धेश्वर धरणाच्या वरच्या अंगाला असे. वाडा म्हणजे मेंढरांचा, काट्यांचं कुंपण घातलेला. तोही एका जागी नसे. आज एकाच्या शेतात मेंढरं बसवली, तर पुढे दुसऱ्याच्या. अशा फिरत्या घरातली पोरगी मामाकडे राहून दहावीपर्यंत गेली, गणितात अडकली, आणि लग्न होऊन आमच्या गावात आली. नवरा हनुमंत केळीच्या गाड्या भरायचा आणि फारसं बोलायचा नाही. घरातलं बोलणं कमी म्हणून आपण वाचायला लागलो, असं बाई हसून सांगतात.

वाचनालय नव्वदच्या पुढेमागे सुरू झालं. तेव्हा बाई तिथे झाडायला येत. झाडून झालं की हाताला येईल ते पुस्तक घेऊन उंबऱ्याशी बसत. पहिले ग्रंथपाल दुसऱ्या नोकरीवर निघून गेले आणि लोक पुस्तक मागायला येऊ लागले, तेव्हा कोणतं पुस्तक कोणत्या फळीवर आहे हे फक्त झाडणारीलाच ठाऊक होतं. समितीने त्यांनाच पुस्तकं द्यायला बसवलं. एखाद्याने पुस्तक न वाचताच परत आणलं तर त्या काही बोलत नसत. पुढच्या वेळी त्याहून पातळ पुस्तक हातात ठेवत. मला एकदा असं फारच पातळ पुस्तक मिळालं होतं. तेव्हापासून मी नेलेलं पुस्तक पूर्ण वाचतो.

संध्याकाळी सगळ्यात शेवटी उठणारा मी. गाव मला मामाच म्हणतं. बाई कुलूप घेऊन दाराशी उभ्या राहत आणि म्हणत, "मामा, तेवढा दिवा वाढवा." मी भिंतीपाशी जाऊन तेवढं काम करायचो, चपला घालायचो आणि निघायचो. पावसाळा असो, उन्हाळा असो, आमचं हे ठरलेलं.

हिंगोली जिल्हा होऊन काही वर्षं झाल्यावर वाचनालयात कॉम्प्युटर आला. आमच्या गावचा शिवहार पुण्यात नोकरीला होता. त्याच्या ऑफिसने जुने कॉम्प्युटर काढून टाकले, त्यातला एक त्याने गावाला पाठवला. पडदा जुन्या टीव्हीसारखा, मागून पोट सुटलेला. समोरची बटणांची पट्टी प्रवासात आत दबून मोडली होती. कळमनुरीला दुरुस्तीचं दुकान असलेल्या प्रमोदने तो जोडून दिला आणि त्यात लिनक्स नावाचं काही घातलं. ते विकत घ्यावं लागत नाही, असं त्याने सांगितलं. आमचे सचिव संपतराव म्हणाले, फुकट देतात म्हणजे त्यात काहीतरी खोट असणार. प्रमोद म्हणाला, "खोट न्हाई काका, उघडं हाये ते. ज्याला जे पायजे ते त्यानं बदलून घ्यावं." संपतरावांना यातलं काही पटलं नाही, पण पैसे लागणार नव्हते म्हणून ते गप्प राहिले.

वाचनालयातली सगळी पुस्तकं कॉम्प्युटरात उतरवायची होती. बाई मराठी टाइप करायला शिकल्या, दोन बोटांनी, पण चुका न करता. अडचण निराळीच निघाली. थोडा वेळ बसलं की त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, कपाळ ठणकायचं. पडद्याचा उजेड हाताने बदलावा तर बटणं मोडलेली. तेव्हा त्यांनी वाचनालयाच्या फोनवरून प्रमोदला विचारलं. मी शेजारीच बसलो होतो.

"प्रमोद, डोळ्याला उजेड लागतो रे बाबा. जरा वाढवून दे."

प्रमोदने फोनवरच उपाय सांगितला. त्या लिनक्समध्ये एक काळी खिडकी उघडते. तिच्यात एक ओळ टाइप करायची आणि ओळीच्या शेवटी आकडा टाकायचा. एक म्हणजे बराबर, नेहमीचा उजेड. वाढवायचं असेल तर आकडा मोठा करायचा. बाईंनी ओळ कागदावर उतरवून घेतली आणि तशीच्या तशी टाइप केली. पडदा भगभगीत झाला. आपलंच काही चुकलं असेल म्हणून त्यांनी पुन्हा फोन केला, अजून लागतोय म्हणाल्या, आणखी वाढवायचा कसा ते विचारलं. प्रमोदने आणखी मोठा आकडा सांगितला. प्रमोदचीही चूक नव्हती. वय वाढलं की माणसाला वाचायला जास्त उजेड लागतो, हे त्याने घरात पाहिलेलं होतं.

शेवटी बाईंनी हनुमंतरावांच्या जुन्या धोतराचा पातळ तुकडा आणून पडद्यावर सोडला आणि त्यातून दिसेल तेवढं बघून टाइप करू लागल्या. तांड्यावरचे भीमसिंग पेपर वाचायला येत. त्यांनी विचारलं, "बाई, कंपूटर नवी नवरी हाये का? तोंड काहून झाकलं तिचं?"

"तुमची नजर लागंल म्हणून," बाई म्हणाल्या. खोलीतले सगळे हसले. त्याही हसल्या, पण पदराने डोळे टिपत.

पुढे त्यांनी घरी पुस्तक नेणं सोडलं. हे मात्र माझ्या लक्षात आलं, कारण रोज निघताना त्यांच्या काखेत पुस्तक असायचं आणि आता नुसती पिशवी दिसायची. विचारावं की नाही, यात माझे बरेच दिवस गेले. एकदा त्या आपणहून बोलल्या. हिंगोलीच्या डॉक्टरांनी चष्मा तपासला, तो ठीक आहे म्हणाले. पण आपले डोळेच जायला निघालेत, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. आहेत तेवढे डोळे कामाला पुरवावेत म्हणून घरचं वाचन बंद. त्या म्हणाल्या, "आमच्या वाड्यावर उजेड कमी झाला असं कंदिलाला कधी म्हणत नसत मामा. ते माणसाच्या डोळ्यालाच म्हणायचे."

त्यातच संपतरावांवर जिल्ह्याच्या ऑफिसातून तगादा आला. पुस्तकं कॉम्प्युटरात चढवून लवकर कळवा, असा. समितीला एकाच माणसाचा पगार परवडत होता. संपतरावांच्या भावकीतली शिवकन्या नावाची सून कॉम्प्युटरचा कोर्स करून घरी बसली होती. ती लगेच येऊ शकत होती. संपतराव तसे मायाळू माणूस. बाईंना सरळ काढण्याची भाषा त्यांच्या तोंडून निघेना. प्रमोदला एकदा बोलावून यंत्र तपासून घेऊ, त्यात बिघाड नसला तर बघू, असं ते म्हणाले. बघू म्हणजे काय ते बाईंना कळलं. त्या दिवशी त्यांनी सगळ्या फळ्या पुसून काढल्या, ज्यांच्यावर धूळ नव्हती त्यासुद्धा.

प्रमोद आठवडी बाजार उरकून दिवेलागणीला मोटारसायकलवर आला. पडद्यावरचा कपडा धुळीसाठी टाकलेला असेल असं समजून त्याने तो काढला, त्याच कपड्याने काच पुसली आणि खुर्चीत बसला. बाई लांब, कपाटाला टेकून उभ्या राहिल्या. पडद्याकडे त्यांना बघवत नव्हतं. प्रमोदने खटखट करून सगळं तपासलं.

"मावशी, यंत्रात तर काही न्हाई. उजेड पूर्ण वाढवलेला हाये. याच्यावर नेला तर अक्षरंच दिसायची न्हाईत."

"मंग माझेच डोळे गेले म्हणायचे," बाई म्हणाल्या.

संपतराव जमिनीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बाई, तुमी जिवाला लावून घेऊ नका. उद्यापासून शिवकन्याला बसवतो. तुमी कधीबी या वाचायला."

डोळे गेले म्हणणाऱ्या बाईला ते वाचायला या म्हणाले. त्यांच्या ध्यानात आलं नसावं. बाईंनी खिळ्यावरचं कुलूप काढलं, दाराशी गेल्या आणि रोजच्यासारखं म्हणाल्या, "मामा, तेवढा दिवा वाढवा."

मी उठलो आणि बटण दाबलं. खोलीत अंधार झाला. एकटा तो पडदा पांढराफेक पेटलेला राहिला. बाईंनी तोंडावर पदर धरला.

"मामा, बंद काहून केला?" प्रमोद म्हणाला. "वाढवा म्हणल्या ना त्या."

"वाढवला की," मी म्हणालो.

प्रमोद माझ्याकडे बघायला लागला. मग दाराकडे वळला.

"मावशी, दिवा वाढवा म्हंजी काय?"

"म्हंजी वाढवा. निघताना वाढवतात तसा."

"म्हंजी विझवा?"

"तसं तोंडानं म्हणू न्हाई," बाई पटकन म्हणाल्या. "मेंढरांच्या वाड्यात तर न्हाईच न्हाई. आमचे बाबा कंदिलाला कधी विझव म्हणले न्हाईत. बारीक करायचा असला तरी वाढव, झोपायचं असलं तरी वाढव."

प्रमोदने आणखी एक विचारलं, हळूच, "आन् डोळ्याला उजेड लागतो म्हंजी? पायजे असतो, का टोचतो?"

"टोचतो रे बाबा. लागतो म्हंजी लागतो."

प्रमोदने कपाळाला हात लावला. संपतराव अंधारातच खुर्ची चाचपत खाली बसले. मी बटणाशीच उभा होतो. इतकी वर्षं तो शब्द ऐकून मी दिवा घालवत आलो होतो, आणि फोनवरचा तोच शब्द शेजारी बसून ऐकला होता. दोन्ही एकच आहेत हे मला त्या घटकेपर्यंत सुचलं नव्हतं. सुचलं असतं तरी मी बोललो असतो का, ते माहीत नाही.

प्रमोदने बाईंना जवळ बोलावलं. काळी खिडकी उघडली, तीच ओळ टाइप केली, आणि शेवटी एकाच्या खालचा आकडा टाकला, शून्यापुढे टिंब देऊन. गणितात अडकलेल्या माणसाला एकाच्या खालीही आकडे असतात हे कोणी सांगितल्याशिवाय कसं सुचावं? पडदा मऊ झाला.

"आणखी वाढव," बाई म्हणाल्या. त्यांच्या अर्थाने म्हणाल्या. प्रमोदने आकडा आणखी खाली नेला. पडद्याचा पांढरा रंग उतरून काहीसा कंदिलाच्या काचेसारखा झाला.

"आणखी थोडा. बास, बास."

त्यांनी पदर सोडला आणि वाकून आपणच कधीतरी टाइप केलेली पुस्तकांची नावं वाचायला लागल्या, तोंडातल्या तोंडात, एकामागून एक. एका नावापाशी थांबून म्हणाल्या, इथं वेलांटी चुकली. धोतरातून दिसली नसेल.

संपतरावांना आधी खोकला आला, नंतर हसू. "म्हंजी तुमी दोघंबी एकच बोलून राहिले, आन् उजेड उलट्या वाटेनं चालला," ते म्हणाले. शिवकन्येला काय सांगायचं ते आपण बघतो, असं म्हणून त्यांनी बाईंना उद्या वेळेवर यायला सांगितलं. त्या कधी उशिरा आल्याच नव्हत्या.

दर वेळी ओळ टाइप करायला नको म्हणून प्रमोदने पडद्यावर दोन चित्रं करून दिली. एकावर माऊस नेऊन दाबलं की उजेड उतरतो, दुसऱ्यावर दाबलं की चढतो. पहिल्याखाली त्याने 'कमी' असं लिहिलं. बाईंना ते चालेना. उजेडाला कमी म्हणायचं नाही. 'वाढवा' लिहावं तर बाकीचे फसणार. प्रमोद म्हणाला, हे सगळं उघडं आहे, नाव काहीही ठेवता येतं, तुम्ही सांगा. बाईंनी विचार केला आणि सांगितलं. त्याप्रमाणे एका चित्राखाली 'बाईंचं वाढवा' आलं आणि दुसऱ्याखाली 'लोकांचं वाढवा'. तो पडदा होता तोवर ती तशीच राहिली, आणि नव्या माणसाला त्यांचा अर्थ सांगायचं काम माझ्याकडे होतं.

त्या संध्याकाळी आम्ही चौघं बरोबरच बाहेर पडलो. निघण्याआधी बाईंनी आम्हाला थांबवलं, आत गेल्या, आणि मी पुन्हा लावलेल्या दिव्याखाली फळीपाशी बराच वेळ शोधत राहिल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या काखेत पुस्तक होतं. चांगलं जाड होतं.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आत जाऊन दिवा वाढवला.