पकडीत सापडलेली निब

खऱ्या-खोट्याची पारख करणाऱ्याला समाज मान देतो. परंतु आपलीच पारख चुकली हे कळल्यावर ती चूक स्वमुखाने उच्चारण्यास जे धैर्य लागते, त्याची गणना सहसा कोणी करीत नाही. मोंतेविदेओच्या जुन्या वस्तीत, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर फाऊंटन पेने दुरुस्त करणाऱ्या इलारिओ बेर्तोलासोला पहिली विद्या तरुणपणीच साधली होती. दुसरीची परीक्षा उतारवयात झाली.

शहरातले नोटरी त्याच्याकडे झिजलेल्या निबा बदलायला येत. नदीपलीकडच्या देशातून येणाऱ्या नकली निबांचा सुकाळ झाला, तेव्हा इलारिओची नजर अधिकच कठोर झाली. ठशातील अक्षरांची खोली, चिरेचा सरळपणा, टोकावरचा कठीण धातूचा दाणा, हे सारे तो भिंगातून पाही आणि नकली ठरलेली निब मालकाच्या संमतीने पकडीत चिरडून टाकी. दुसऱ्या कुणाच्या पेनात ती पुन्हा शिरू नये म्हणून. तो कट्ट आवाज ऐकला की शेजारचा न्हावी नेस्तोर ओरडे, "आज कुणाचा गळा आवळलास रे, म्हाताऱ्या?"

एका शनिवारी लिओनोर आली. तिचे वडील नोटरी होते, वर्षापूर्वी वारले. आता तीही नोटरी झाली होती आणि सोमवारी आपल्या पहिल्या दस्तावर वडिलांच्या पेनाने सही करणार होती. शाई मात्र नीट उतरत नव्हती.

इलारिओने निब काढली. पांढरट धातू, सोन्याची खूण नाही, अक्षरे उथळ.

"नकली आहे, पोरी."

"म्हणजे बाबा इतकी वर्षं खोट्या निबेनं सह्या करत होते?"

"कुणीतरी फसवलं त्यांना."

तिने तोंड फिरवले. "मोडून टाका मग."

कट्ट.

त्याच पेनाची अस्सल निब शोधण्यासाठी इलारिओने तळचा खण उपसला. युद्धकाळात कारखान्याहून आलेले, कधीच न उघडलेले एक पाकीट हाती लागले. त्याने ते फाडले. आत पांढरट धातूची, उथळ अक्षरांची निब होती. सोने दुर्मीळ झालेल्या त्या दिवसांत कारखान्यानेच अशा निबा घडवल्या होत्या. चिरडलेली निब त्याने तिच्याशेजारी भिंगाखाली धरली. ठसा तोच, चीर तीच.

लिओनोर खिडकीबाहेर पाहत उभी होती. नवी निब मुकाट्याने बसवली असती तर तिला काहीच कळले नसते. मात्र फसवल्या गेलेल्या बापाची आठवण घेऊन ती घरी गेली असती.  इलारिओने पक्कड दूर सारली.

"लिओनोर, इकडे ये, बघ. तुझ्या बाबांची निब खरी होती. मी चुकलो, आणि मोडलीही मीच."

माते चहाने भरलेला, कोरलेल्या भोपळ्याचा पेला घेऊन दारात आलेला नेस्तोर काहीतरी थट्टा करणार होता; तो तसाच थबकला.

भिंगातून दोन्ही निबा पाहून लिओनोर म्हणाली, "म्हणजे बाबांना कुणी फसवलं नव्हतं."

"नाही. ही दुसरी घे, अगदी तशीच आहे."

"तशीच असेल हो. पण बाबांच्या हातानं झिजलेली नाही ना! तीच सरळ करा."

"कागदावर ओरखडेल ती."

"ओरखडू दे. मोडताना बरा जोर आला होता हाताला!"

नेस्तोरने चहाचा पेला निमूटपणे इलारिओपुढे सरकवला. इलारिओने एक घोट घेतला आणि रविवार संपेपर्यंत पितळेच्या सळईवर ती निब कणाकणाने सरळ केली. चिरेच्या दोन बाजूंची पाती पूर्ववत जुळली नाहीत. पण शाई उतरू लागली.

त्यानंतर त्याने एकही निब चिरडली नाही. संशय आला की "मला तरी खोटी वाटते," एवढेच म्हणून ती परत देई.

इलारिओ गेला. त्याच्या जागी आता किल्ल्या बनवणारा बसतो. पक्कड नेस्तोरकडे आहे. लिओनोर अजून त्याच पेनाने सही करते. सहीच्या शेवटच्या फटकाऱ्यात एकाऐवजी दोन बारीक रेघा उमटतात.