हजार खांबांपलीकडचा समुद्र

गुणाजी परब साठेक वेळा मदुराईला जाऊन आले होते, पण मीनाक्षीचं देऊळ त्यांनी आतून एकदाही पाहिलं नव्हतं. ही गोष्ट दोनच माणसांना माहीत होती, एक ते स्वतः आणि दुसरा त्यांचा जोडीदार धाकू. तिसरी मी झाले, ती गरम पाण्यामुळे.

गुणाजी म्हणजे टूरचे महाराज, आचारी. आपल्या मराठी टूर कंपन्यांची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. माणूस रामेश्वरला जावो नाहीतर काश्मीरला, सकाळी त्याला पोहेच लागतात आणि रात्री वरणभात. म्हणून डाळ, पोहे, गूळ, मसाले आणि भलीमोठी पातेली घेऊन दोन आचारी गाडीने पुढे जातात, हॉटेलच्या मागच्या अंगणात चूल मांडतात आणि आपण देवदर्शन करून आलो की गरम ताट समोर येतं. आपण म्हणतो, वा, काय सोय आहे! तो स्वयंपाक होत असतो तेव्हा महाराज काय बघतो, हे कोण विचारतं? मीही कधी विचारलं नव्हतं.

मी मुलुंडची. पालिकेच्या दवाखान्यात तीस वर्षं केसपेपर लिहिले. निवृत्त झाल्यावर मुलाने दक्षिणेच्या टूरमध्ये माझं नाव घातलं. एकटी बाई म्हणून खोलीत जोडीदारीण दिली, ती जानकीवहिनी, गुणाजींची बायको. चोवीस वर्षांनंतर गुणाजींची ही शेवटची टूर होती. मालकांनी सांगितलं होतं, यावेळी वहिनींना घेऊन जा.

वहिनी घाटकोपरच्या भटवाडीत राहतात, डोंगराच्या उतारावर. गाव मालवणकडे. त्यांनी आयुष्यात दोनच ठिकाणं पाहिली, गाव आणि भटवाडी. पण पहिल्या रात्री, तंजावरच्या हॉटेलात, त्या मला दक्षिण हिंदुस्थान सांगू लागल्या आणि मी ऐकतच राहिले.

"उद्या नंदी बघशात तो एका दगडाचो. त्याच्या पाठीर तेल सुकलेला असता, म्हणान तो काळो दिसता. आणि मदुराईची देवी हिरवी. हातात पोपट. पोपट असो बसलो हा की आता बोलतलो."

"तुम्ही आधी येऊन गेलात का?" मी विचारलं.

"मी खय येतंय! ह्यांनी सांगलेला. दर टूर करून इले की रात्री जेवताना सांगत. मी म्हणायचंय, सगळा सांगा, काय्यक सोडू नका. मदुराईक हजार खांब. मधे उभा रवला की खांब संपतच नाय. आणि शेवटच्या खांबाच्या पलीकडे समुद्र दिसता."

दुसऱ्या दिवशी तंजावरचं देऊळ पाहिलं. नंदी खरंच काळा, तेलाने चकाकणारा. वहिनींनी माझा दंड धरला. "बघलात? तसोच!" जणू तो नंदी त्यांच्या नवऱ्यानेच घडवला होता.

त्या संध्याकाळी मला गोळी घ्यायला गरम पाणी हवं होतं म्हणून मी मागच्या अंगणात गेले. गुणाजी उलट्या पातेल्यावर बसले होते. हातात कोथिंबिरीची जुडी, पण निवडणं थांबलेलं. धाकू त्यांना म्हणत होता, "अरे सांगून टाक ना एकदाचं. मारणार आहे काय ती?"

मला पाहून धाकू चुलीकडे वळला. मी म्हटलं, "वहिनी आज फार खूश आहेत हो. तुम्ही सांगितलं तसाच नंदी निघाला."

गुणाजींचा चेहरा असा पडला की दवाखान्यात असते तर मी आधी खुर्ची पुढे केली असती.

"बाई," ते म्हणाले, "तो नंदी मी बघितलेला नाही. कुठलंच देऊळ आतून बघितलेलं नाही. तुम्ही लोक जेवताना बोलता ना, अहो ते खांब, अहो तो पोपट, ते मी वाढता वाढता ऐकतो. तेच घरी जाऊन सांगत आलो."

"चोवीस वर्षं?"

"पहिल्या टूरला तिने विचारलं, काय बघितलंत? गिरणी बंद पडलेली, तिथल्या कँटीनची नोकरी गेलेली. परक्या मुलखात भांडी आपटून आलो, असं काय सांगायचं? कोणीतरी जेवताना मीनाक्षीबद्दल बोललं होतं, ते सांगितलं. तिचे डोळे असे झाले! मग दर वेळी सांगत गेलो. घरी न्यायला माझ्याकडे तेवढंच होतं, बाई. आता ती म्हणते, उद्या मदुराई तुमच्यावांगडाच बघतलंय. दाखवा माका तुमचे हजार खांब. मला आत शिरल्यावर उजवीकडे वळायचं की डावीकडे तेही ठाऊक नाही."

"पण एवढ्या वर्षांत अर्धा तास तरी..."

"मदुराईला पुरणपोळी असते," धाकू म्हणाला. "टूरच्या पत्रकात छापलेलं आहे. तुम्ही चार वाजता देवळात, आम्ही चार वाजता पुरणावर."

गुणाजी हळूच म्हणाले, "एकदा दारापर्यंत गेलो होतो. अंगाला कांद्याचा वास, धोतर पिवळं. देवीपुढे असं कसं जायचं? परत आलो. आणि पुढे पुढे भीतीच वाटायला लागली. मी सांगितलं तसं नसलं तर?"

मी गोळी न घेताच खोलीत आले. वहिनी उद्याची साडी काढून ठेवत होत्या, लग्नातली, मोरपंखी. मी काही बोलले नाही. दुसऱ्याच्या घरातली गोष्ट. पण रात्री रामरक्षा म्हणताना दोनदा चुकले.

सकाळी बसमध्ये मी उठून उभी राहिले. मला असं उभं राहून बोलायची सवय नाही. म्हटलं, "आज महाराजांना सुट्टी द्या. त्यांची शेवटची टूर आहे, बायको सोबत आहे, त्यांना आपल्याबरोबर देवळात येऊ द्या. धाकूभाऊ साधी खिचडी करतील."

बोरिवलीचे सुबोधकाका लगेच म्हणाले, "पत्रकात पुरणपोळी आहे."

"अहो काका, पुरणपोळी काय बोरिवलीला मिळत नाही?" मागून कोणीतरी बाई म्हणाली. "ते देऊळ आहे का तिथे?"

"मी फक्त पत्रकात काय आहे ते सांगितलं," काका म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

टूर मॅनेजर निलेश हसला. "चालेल ना यार. मी धाकूमामाला फोन करतो."

दुपारी चार वाजता गुणाजी आमच्यासमोर आले. दोनदा आंघोळ केलेली, नवं धोतर, केस चोपून बसवलेले. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पदर सारखा केला. नवरी दिसत होत्या.

चपला आणि फोन बाहेर ठेवले. दगड इतका तापलेला की आम्ही सगळे उड्या मारत सावलीत गेलो. आणि मग मी मान वर केली. काय सांगू? ते गोपुर संपतच नव्हतं. देव, दैत्य, घोडे, बायका, द्वारपाल, निळे, हिरवे, गुलाबी, एकाच्या खांद्यावर दुसरा, असे आभाळापर्यंत गेलेले. आपल्या देवळाच्या कळसाकडे बघताना मान एवढी मागे न्यावी लागत नाही. मला वाटलं, इतके डोळे वरून आपल्याकडे बघतायत, यांच्यासमोर काय लपवायचं?

गुणाजी दारातच थांबले. वहिनी म्हणाल्या, "चला, खयसून जायचा?"

"गर्दी जाते तसं जाऊ," ते म्हणाले.

आत एका उंच गणपतीपुढे थांबलो, मग सोन्याच्या कमळाच्या तळ्याशी आलो, तिथून देवीच्या रांगेत. खूप लांबून, दिव्यांच्या उजेडात, ती दिसली. फुलांनी झाकलेली. हातातला पोपट मला नीट दिसला नाही, पण पुजाऱ्याने आरती फिरवली तेव्हा तिचं तोंड क्षणभर उजळलं आणि मला एकही स्तोत्र आठवेना. हात जोडलेले तेवढे राहिले. शेजारी वहिनी पुटपुटत होत्या, "आई गो, आई गो."

मग हजार खांबांचा मंडप. वहिनी पुढे झाल्या. प्रत्येक खांबावर कोरलेलं, माणसं, सिंह, वाजवणारे, नाचणारे. जिथे उभं राहावं तिथून खांबांच्या रांगा सरळ निघतात आणि अंधारात जातात. वहिनी एका रांगेच्या टोकापर्यंत गेल्या. परत आल्या. दुसऱ्या रांगेच्या टोकापर्यंत गेल्या. तिथे भिंत होती.

"अहो, समुद्र खय असा?"

निलेशला काहीच माहीत नव्हतं, तो सहज म्हणाला, "काकू, मदुराईत कुठला समुद्र? तो परवा, रामेश्वरला. दोन्हीकडचे खांब डोक्यात एकत्र झाले वाटतं."

वहिनींनी वळून नवऱ्याकडे पाहिलं. पण गुणाजी त्यांच्याकडे बघतच नव्हते. ते एका खांबापुढे उभे होते, तोंड किंचित उघडं, हात हवेत अर्धवट उचललेला. दगडाला लावू की नको, असा. साठ वेळा पाहिलेली गोष्ट माणूस तशी बघत नाही. ते वहिनींना कळलं. मला त्यांच्या पाठीवरूनच कळलं की कळलं.

"तुमी हय कधी येवकच नाय," त्या म्हणाल्या.

"नाय."

"तंजावर?"

"नाय. मी कधी भितर गेलंयच नाय, जानकी. खयच."

वहिनी चालत निघाल्या त्या थेट तळ्याच्या पायरीवर जाऊन बसल्या. मी जवळ जाऊन बसले. बराच वेळ त्या पाण्यातल्या सोनेरी कमळाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "ताई, शेजारणींका मी सांगी. माझो घोव हजार खांबांत फिरान इलो. चोवीस वर्सां मी सांगी."

गुणाजी आले आणि दोन पायऱ्या खाली बसले, म्हणजे त्यांच्या पायाशीच.

"खोटा कित्याक सांगलात?"

"तू विचारलंस म्हणान," ते म्हणाले. "दुसऱ्या कोणी कधी इचारूकच नाय."

वहिनींनी डोळे पुसले. रागाने पुसले. थोड्या वेळाने, तोंड दुसरीकडेच ठेवून, त्यांनी विचारलं, "मगे तुमी स्वताच्या डोळ्यांनी काय बघलात? चोवीस वर्सां डोळे मिटून होतात?"

गुणाजी विचारात पडले. "मी? मी काय बघणार? भाजीबाजार. पहाटे भाजी आणूक जातंय, त्याच्या बाजूक फुलांचो बाजार. ता काय सांगण्यासारखा असा काय?"

"उद्या माका थय न्हेवा," वहिनी म्हणाल्या. "तुमी बघलेला दाखवा."

त्या रात्री खिचडी जरा खाली लागली होती. सुबोधकाकांनी दोनदा घेतली.

पहाटे उजाडता उजाडता आम्ही तिघं रिक्षाने निघालो. मी नको म्हणत होते, वहिनींनी ओढून नेलं. बाजार दिसायच्या आधी वास आला. मोगऱ्याचा, पण आपल्या गजऱ्याला येतो तसा नव्हे. अंगावर येणारा वास. आत गेलो आणि मी जागच्या जागी उभी राहिले. पोत्यांवर पोती मोगरा ओतलेला. पांढऱ्या कळ्यांचे ढीग, माणसाच्या कमरेइतके, त्यांवर पाणी शिंपडलेलं. माणसं दोन्ही हात कोपरापर्यंत आत घालून कळ्या वरखाली करत होती. पलीकडे झेंडू, निशिगंध, लाल गुलाब, कमळाच्या मिटलेल्या कळ्यांच्या जुड्या. ओरडा इतका की कानाला दडे बसावेत. आणि हे सगळं, एवढं सगळं, दिवस वर यायच्या आत देवांकडे जायचं होतं. काल देवीच्या अंगावर पाहिलेली फुलं अशीच पहाटे इथून निघाली असणार. मला तिथेच हात जोडावेसे वाटले, आणि मी जोडले.

"मुंबई! मुंबई!" एक म्हातारी फुलवाली ओरडली. गुणाजींना बघून. ते नमस्कार करून तिच्याकडे गेले, तोडक्यामोडक्या तमिळमध्ये काहीतरी बोलले, वहिनींकडे बोट दाखवलं. म्हातारीने वहिनींना खांद्याला धरून वळवलं, हातभर मोगरा त्यांच्या अंबाड्यात माळला आणि त्यांच्या गालाला हात लावून स्वतःच्या कपाळाशी बोटं मोडली.

आता गुणाजींना थांबवणं कठीण होतं. ही कळी दुपारी उमलते, ही देवळाची, ती लग्नाची. इथे पावसात छपराला भोक पडलं होतं. हा म्हातारा आपल्या मापाने देतो, वर मूठभर जास्त टाकतो. या दारात ती बाई रोज रांगोळी घालते, पाऊस असला तरी घालते. चालताना ते एकदाही अडखळले नाहीत. उजवीकडे वळायचं की डावीकडे, त्यांना सगळं ठाऊक होतं.

वहिनी ऐकत होत्या, आणि त्यांचे डोळे मोठे झाले होते. हेच ते डोळे असणार, ज्यांच्यासाठी या माणसाने चोवीस वर्षं खोटं सांगितलं.

"ह्या कधी माका सांगूक नाय तुमी," त्या म्हणाल्या.

"फुलां ती. ह्या काय सांगूचा?"

"शिरा पडो तुमच्या तोंडार," वहिनी म्हणाल्या आणि हसल्या. काल दुपारनंतर पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामेश्वरला गुणाजी धाकूला विचारून स्वतःच आमच्याबरोबर निघाले. कोणाला उभं राहून बोलावं लागलं नाही. देवळातली ती लांबच लांब ओवरी, दोन्ही बाजूंनी रंगीत खांब, टोक दिसत नाही अशी. दोघं माझ्या पुढे चालत होते. दर्शन झालं, पूर्वेच्या दारातून बाहेर आलो, आणि समोर, रस्त्याच्या शेवटी, समुद्र. शांत, निळा, एखाद्या तळ्यासारखा.

वहिनींनी गुणाजींचा हात धरला आणि त्यांना ओढतच पाण्यापर्यंत नेलं.

"ह्यो बघा तुमचो समुद्र," त्या म्हणाल्या. "मदुराईक ठेवलेलो तुमी तो."

दोघं गुडघाभर पाण्यात उभे राहिले. धोतर भिजलं, मोरपंखी साडी भिजली. गुणाजी काही सांगत होते, काय ते मला ऐकू आलं नाही. मी लांबच थांबले.

त्या दिवशी जेवण दीड तास उशिरा झालं. पत्रकात दुपारी एक लिहिलं होतं. कोणी काही बोललं नाही, सुबोधकाकासुद्धा.