चालती हो!

आमच्या समोरच्या दारात रोज सकाळी एकच संवाद होतो. नलूआजींना सांभाळायला येणाऱ्या शोभाताई बेल वाजवतात आणि आतून आजी ओरडतात, "चालती हो!" विसरण्याच्या आजारात आजी लेकाचं नावसुद्धा विसरल्या, पण हा हुकूम शाबूत आहे.

मी असते तर पहिल्याच दिवशी उलट्या पावली परतले असते. शोभाताई मात्र म्हणतात, "एकटी कशी चालू? तुम्हीपण चला." मग दोघी हात धरून गॅलरीत फेऱ्या मारतात. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम होऊन जातो.

मला वाटायचं, या बाईच्या मनाला काही लागतच नाही. आज त्या जिन्यात पायरीवर बसलेल्या दिसल्या.

"काल घरी नवऱ्याने चहा मागितला," त्या म्हणाल्या, "आणि माझ्या तोंडून निघालं, 'चालता हो!' बिचारा चपला घालून निघाला की हो!"

आम्ही दोघी खूप हसलो. माझं हसू थांबलं, तरी त्या पदराने डोळे पुसतच होत्या. दारातच झटकलेले शब्द त्यांच्या डब्याच्या पिशवीत बसून घरी जात असतील का?

मग त्यांनी उठून बेल वाजवली.

"चालती हो!"

"आले, आले," म्हणत शोभाताई आत गेल्या.